त्रांब्ले : एका जोडप्याचं आडनाव, अख्ख्या प्रांतात

कोवळं_ऊन

मंडळी, तीन वर्षांपासून आम्ही कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, सागने नदीकाठच्या शिकूतिमी गावात राहतोय. नवरा इथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात आहे, लेक तिसरीत. तिच्या वर्गात बावीस मुलं आणि त्यातली पाच त्रांब्ले. आमचा डाकवाला त्रांब्ले, लेकीची दातांची डॉक्टर त्रांब्ले, समोरच्या घरातले आजी-आजोबा त्रांब्ले. आजींचं तर माहेरही त्रांब्लेच.

सुरुवातीला मी मनाशी म्हटलं, आपल्याकडे पाटील असतात तसं असेल. पण पाटील हे वतनावरून आलेलं आडनाव. गावोगावचे पाटील वेगळे, त्यांचा रक्ताचा संबंध असेलच असं नाही. इथली गोष्ट अगदी उलटी निघाली. शेजारच्या आजोबांनी मला चहाला बसवून सांगितलं, "आम्ही सगळे एकाच माणसाचे." मला ते कौतुकाने सांगितलेलं वाटलं. घरी येऊन वाचत गेले तेव्हा कळलं की ते शब्दशः खरं आहे.

तो माणूस म्हणजे पिएर त्रांब्ले. जन्म १६२६ च्या सुमारास, फ्रान्सच्या पर्श भागातल्या रांदोने या खेड्यात. वडील फिलिबेर त्रांब्ले, आई जान क्वान्ये. पर्श म्हणजे पॅरिसच्या पश्चिमेचा टेकड्यांचा आणि जंगलांचा मुलूख. पर्शरों हे दणकट घोडे तिथलेच. रोबेर जिफार या तिथल्या माणसाला १६३४ मध्ये क्वेबेकजवळ बोपोरची जहागीर मिळाली. ती कसायला माणसं हवी होती, ती त्याने आपल्याच मुलखातून नेली. मग जुशरो बंधूंनीही तसंच केलं. अशा एका करारावर पिएर १६४७ मध्ये ला रोशेलच्या बंदरातून निघाला. अशा करारांची मुदत बहुधा तीन वर्षांची असे, म्हणून या मजुरांना 'छत्तीस महिनेवाले' म्हणत. मुदत संपल्यावर बरेचजण परत गेले. पिएर राहिला.

ऑक्टोबर १६५७ मध्ये क्वेबेकला त्याचं लग्न ओझान आशों या मुलीशी झालं. ती ला रोशेलच्या आसपासच्या ओनिस भागातली. दोघांनी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी लांज-गार्दिएँ इथे जमीन कसली. त्यांना बारा मुलं झाली आणि चार मुलग्यांचे वंश पुढे चालले : पिएर, मिशेल, जाक, लुई.

आज क्वेबेकमध्ये सर्वांत जास्त लोकांचं आडनाव त्रांब्ले आहे, शंभरात साधारण एक जण. आमच्या सागनेत तर त्याच्या कित्येक पट. फ्रान्समध्ये मात्र हे आडनाव पहिल्या शंभरातही नाही. तिथे पहिला मान मार्तँ आडनावाचा.

ज्या देशातून आडनाव आलं तिथे ते विरळ आणि जिथे एकच माणूस घेऊन आला तिथे ते पहिलं, हे कसं झालं असेल? फ्रेंच जाणणारे, वंशावळी पाहणारे, गणितवाले, सगळ्यांनी लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

---

पिंपळपान

छान धागा. अर्थाबद्दल लिहिते, कारण माझा आयडी त्याच्याशी नातं सांगतो.

फ्रेंचमध्ये 'त्रांब्ल' नावाचं एक झाड आहे, पॉप्लरच्या जातीतलं. नावाचा अर्थच थरथरणारं. त्याच्या पानाचा देठ बाजूंनी चपटा असतो, त्यामुळे वाऱ्याची साधी झुळूक आली तरी अख्खं झाड सळसळतं. संस्कृतात पिंपळाला 'चलदल' म्हणतात ते याच कारणाने. झाडं वेगळी, पण दोन दूरच्या भाषांनी पानाची एकच खोड टिपली आहे.

आता शेवटचा 'ए'. लॅटिनमध्ये झाडांच्या राईसाठी 'एतुम' हा प्रत्यय लागे. त्रेमुलेतुम म्हणजे त्रांब्ल झाडांची राई. त्याचं झिजून त्रांब्ले झालं. फ्रान्समध्ये अशी गावांची नावं भरपूर : चेस्टनटच्या राईवरून शातने, अल्डरवरून ओल्ने, अ‍ॅशवरून फ्रेने. पॅरिसजवळ त्रांब्ले-आं-फ्रांस नावाचं गाव आहे, शार्ल द गोल विमानतळाचा काही भाग त्याच्याच हद्दीत येतो.

म्हणजे हे आडनाव गावावरून किंवा वाडीवरून पडलेलं. आपल्याकडे पिंपळगावकर असतो तसा. आणि पिंपळगावं जशी अनेक तशी त्रांब्लेही अनेक, त्यामुळे फ्रान्समधल्या सगळ्या त्रांब्लेंचा मूळपुरुष एक असण्याचं कारण नाही. एक मूळपुरुष हे फक्त अमेरिका खंडातल्या त्रांब्लेंचं वैशिष्ट्य.

---

भटक्या_जीव

माँट्रियलच्या उत्तरेला माँ-त्रांब्लां म्हणून स्कीइंगचा डोंगर आहे. तो या घराण्याचा का?

---

पिंपळपान

नाही. क्रियापद तेच, पण वाट वेगळी. तो डोंगर तिथल्या आदिवासींच्या, अल्गोंकिन लोकांच्या श्रद्धेतून आला आहे. निसर्गाची कळ काढली की डोंगर हादरतो, अशी समजूत होती. फ्रेंचांनी त्याचं 'थरथरता डोंगर' असं भाषांतर केलं.

---

गणिताचा_मास्तर

कोवळं_ऊन, तुमच्या प्रश्नाला गणितात स्वतंत्र घर आहे. इरेने-ज्यूल बिएनेमे या फ्रेंच माणसाने १८४५ मध्येच हा प्रश्न मांडला होता : आडनाव बापाकडून मुलग्याकडे जात असेल तर काही घराण्यांची नावं का बुडतात? पुढे १८७४ मध्ये इंग्लंडात गॉल्टन आणि वॉटसन यांनी तोच विचार स्वतंत्रपणे केला, आणि नाव त्यांचं झालं.

सोपं करून सांगतो. एका माणसाच्या पुरुषवंशाची शक्यता घ्या. मुलगाच झाला नाही, झाला तो लहानपणी गेला, वाचला तो जंगलात फरची शिकार करायला गेला आणि परतला नाही, किंवा त्याला फक्त मुली झाल्या. यातलं काहीही घडलं की आडनावाची ती फांदी संपली. समजा एका फांदीने कधीतरी खुंटण्याची शक्यता निम्मी आहे. फांदी एकच असेल तर आडनाव वाचणं हे नाणेफेकीसारखं. फांद्या चार असतील तर चारही खुंटण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा, चार वेळा, म्हणजे सोळात एक. पिएरच्या चार मुलग्यांनी वंश चालवला तिथेच खेळ फिरला.

दुसरी गोष्ट लोकसंख्या कधी वाढली याची. जाँ तालों या अधिकाऱ्याने १६६६ मध्ये शिरगणती केली तेव्हा अख्ख्या न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच वसाहतीत, ३,२१५ वसाहतवाले होते. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढे. त्यात जो आधीच मुलंबाळं घेऊन बसलेला, त्याला व्याज चक्रवाढीने मिळालं. नंतरच्या शतकात तिथे एका कुटुंबात सात-आठ मुलं ही साधी बाब होती. वीस वर्षं उशिरा आलेल्या माणसाचं आडनाव त्याच वेगाने वाढलं तरी मागेच राहणार.

यात पिएरचा काही गुण होता असं गणित म्हणत नाही. त्याच्यासारखेच कष्टाळू शेकडो आले. त्यांची आडनावं आज कुठेच नाहीत.

---

नोंदवही

गणित पटलं. पण 'सगळे एकाच माणसाचे' हे इतक्या ठामपणे सांगता येतं ते क्वेबेकच्या दप्तरामुळे. वंशावळी हा माझा पंचवीस वर्षांचा नाद आहे, म्हणून जरा सविस्तर.

फ्रान्समध्ये पहिल्या फ्रांस्वा राजाने १५३९ मध्ये वियेर-कोतेरेचा हुकूम काढला, त्यात पाद्र्यांनी बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवाव्यात असं कलम होतं. १५७९ मध्ये लग्न आणि दफनही त्यात आलं. १६६७ पासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती, एक चर्चमध्ये, एक न्यायालयात. हीच शिस्त समुद्रापार गेली. क्वेबेकच्या वह्या जवळजवळ अखंड टिकल्या आहेत, बाहेरून येणारे लोक मोजके आणि बहुतेक सगळे कॅथलिक. म्हणून एखाद्या प्रांताची सतराव्या शतकापासूनची वंशावळ जुळवता येते, हे भाग्य फार थोड्या समाजांना लाभलं आहे. पॅरिसचीच गत पाहा. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या दिवसांत नगरभवन आणि न्यायालय दोन्ही जळाले. दोन प्रती दोन इमारतींत ठेवल्या होत्या आणि दोन्ही इमारती त्याच आठवड्यात गेल्या.

क्वेबेकच्या वह्यांवर सिप्रियँ तांग्वे या पाद्र्याने १८७१ पासून सात खंडांचा वंशकोश छापला. अलीकडे दोन मोठी कामं झाली. माँट्रियल विद्यापीठाने जुन्या वह्या संगणकावर जुळवल्या. आणि शिकूतिमीच्याच विद्यापीठात जेरार बूशार यांनी १९७२ मध्ये असाच वंशावळी जुळवणारा बाल्झाक प्रकल्प सुरू केला. कोवळं_ऊन, तुमच्या घराजवळच आहे, जमलं तर जाऊन या.

आता आडनावांची तुलना. क्वेबेकमधली पहिली चार : त्रांब्ले, गान्यों, रुआ, कोते. चौघांची जडणघडण सारखी नाही. रुआ म्हणजे राजा. जत्रेत राजाचं सोंग घेणारा, राजाच्या पदरी असणारा, ऐटीत चालणारा, कुणालाही हे टोपणनाव पडे. त्यामुळे रुआ आडनावाचे बरेच जण वेगवेगळ्या गावांहून वेगवेगळ्या वर्षी आले, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. गान्योंमध्ये पर्शहून आलेले तीन भाऊ आणि त्यांचा एक चुलतभाऊ असे चौघे. त्रांब्ले मात्र एकटाच, आणि तोच पहिला. हे मला आजही थक्क करतं.

आणि हे लक्षात ठेवा : आडनाव किती पसरलं आणि वंशज किती झाले, हे दोन वेगळे हिशेब आहेत. माँट्रियलच्या संशोधकांनी १८०० सालापर्यंतचे वंशज मोजले, मुलींकडूनचेही धरून. त्यात पहिला आला झाकारी क्लूतिये, पर्शचाच सुतार, जिफारच्या पहिल्या तुकडीतला. त्याचे वंशज दहा हजारांच्या वर भरले. त्याच्या खालोखाल जाँ गुइयों, ज्याच्या आडनावाचं पुढे दियों झालं. गायिका सेलिन दियों त्याच वंशातली. म्हणजे रक्त क्लूतियेचं जास्त पसरलं, आडनाव त्रांब्लेचं.

---

कोवळं_ऊन

नोंदवही, शेवटच्या परिच्छेदाने मला दोन दिवस झोप नाही. कारण मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, "तो माणूस म्हणजे पिएर." बारा मुलं ओझानची होती.

तिच्याबद्दल शोधलं. राजाने १६६३ ते १६७३ या काळात लग्नासाठी म्हणून सुमारे पावणेआठशे मुली पाठवल्या, त्यांना 'राजाच्या मुली' म्हणतात. ओझान त्यांच्याही आधी आलेली, ना राजाचा हुंडा ना सोबतीला तांडा. वयाने ती पिएरपेक्षा लहान, त्याच्यामागेही जगली, १७०७ मध्ये वारली. आज स्वतःला त्रांब्ले म्हणवणाऱ्या प्रत्येकात तिचा वाटा पिएरइतकाच. पण तिच्या मुलांपैकी एकाच्याही नावात आशों नाही.

एक गोष्ट मात्र इथल्या वह्यांनी चांगली केली. बाईची नोंद कायम माहेरच्या नावाने. लग्न झालं, पोरं झाली, वारली, तरी वहीत ती ओझान आशोंच. म्हणून तर तिच्यापर्यंत पोचता येतं. माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. लग्नात नावही बदललं होतं. ती कुठली होती हे मी आता कुणाला विचारू?

---

नोंदवही

ताई, पणजीसाठी एक वाट आहे. तीर्थक्षेत्री घराण्याचे उपाध्ये असतील तर त्यांच्या चोपड्या पाहा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर. कधीकधी तिथे बायकांची माहेरची नावं सापडतात. मला माझ्या आजोबांच्या आजीचं नाव त्र्यंबकेश्वरलाच मिळालं. जुन्या सोयरिकींच्या याद्या, लग्नपत्रिका जपल्या असतील तर त्याही.

---

सह्यवारा

एक शंका. सगळे त्रांब्ले एका वंशाचे, आणि कोवळं_ऊन यांच्या शेजारच्या आजी माहेरच्याही त्रांब्ले. मग आपल्याकडच्या सगोत्राचं तिथे काय?

---

नोंदवही

आडनाव सारखं असण्याला तिथे हरकत नव्हती. चर्च पिढ्या मोजायचं. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून नियम असा की खापरपणजोबा समान असतील तिथपर्यंत लग्न नाही. लागायचंच असेल तर बिशपकडून सूट आणायची, आणि ती सूट लग्नाच्या नोंदीत लिहिली जायची. १९१७ मध्ये ही मर्यादा एका पिढीने कमी केली. आपल्याकडे गोत्राला पिढ्यांची मर्यादा नाही, सपिंडाला आहे. त्यांचा नियम आपल्या सपिंडाच्या जवळचा. नवव्या-दहाव्या पिढीत जुळणारे दोन त्रांब्ले आडनावाने एक असले तरी चर्चच्या हिशेबात परकेच.

---

जनुकवेल

सह्यवारा यांच्या प्रश्नाला जोडून थोडं. मी जनुकीय समुपदेशनात काम करते आणि सागनेबद्दल एक गैरसमज कायम ऐकते, की तिथे जवळच्या नात्यात लग्नं झाली म्हणून आजार आले. तसं नाही. वंशावळी तपासल्या तेव्हा तिथली जवळच्या नात्यातली लग्नं क्वेबेकच्या इतर भागांपेक्षा जास्त निघाली नाहीत.

झालं असं की सतराव्या शतकात मूठभर लोक आले, त्यांच्यातले काही शेजारच्या शार्लव्हा भागात गेले, त्यांच्यातल्या काहींची नातवंडं-पतवंडं सागनेला. प्रत्येक वेळी थोड्याच माणसांतून पुढची मोठी वस्ती झाली. त्या थोड्यांपैकी एखाद्याकडे सदोष जनुकाची एक प्रत होती. ती त्याला बाधली नाही, पण वस्तीबरोबर वाढत गेली. याला संस्थापक परिणाम म्हणतात. ज्या चाळणीतून त्रांब्ले हे आडनाव मोठं होऊन बाहेर पडलं, तीच ही चाळणी.

टायरोसिनेमिया या यकृताच्या आजाराचं उदाहरण घ्या. जगात साधारण लाखात एका बाळाला होतो, सागनेत अठराशे-एकोणीसशे जन्मांमागे एकाला. तिथे वीस-बावीस जणांमागे एक वाहक, म्हणजे सदोष प्रत बाळगणारा पण स्वतः निरोगी. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. आणखी एक मज्जासंस्थेचा आजार, चालीचा तोल जाणारा, त्याच्या वैद्यकीय नावातच शार्लव्हा-सागने आहे. १९७८ मध्ये त्याचं वर्णन झालं.

वाईटातून चांगलं झालं ते असं : क्वेबेकने १९७० च्या आसपासच बाळांची टायरोसिनेमियासाठी तपासणी सुरू केली आणि १९९० च्या दशकात औषधही आलं. पूर्वी ही बाळं जगत नसत, आज ती शाळेत जातात. सागनेत मूल होऊ देण्याआधी चार आजारांच्या वाहक-तपासणीची सोय आहे. कुणीही आडनावावरून अंदाज बांधू नये. गान्यों, बूशार, सिमार, कुणीही वाहक असू शकतं, आणि बहुतेक त्रांब्ले नसतात.

---

कोवळं_ऊन

जनुकवेल, फार आभार. आमच्या शेजारच्या घरातलं एक बाळ अशाच आजाराने गेलं होतं, १९६० च्या दशकात. आजी त्याविषयी एकच वाक्य बोलतात. ते मला आज कळलं.

तुम्ही शार्लव्हा ते सागने म्हणालात, तो टप्पा मी इथे ऐकलेला लिहिते. पिएरचा थोरला मुलगा, तोही पिएरच, १७१० मध्ये ले एबूलमाँच्या जहागिरीचा धनी झाला. ते शार्लव्हात, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. पोरं वाढली, जमिनीचे तुकडे पडत गेले, पसरायला जागा उरली नाही. सागनेचं खोरं पलीकडेच, पण ते फरच्या व्यापारासाठी राखीव, शेतकऱ्याला तिथे बंदी. मग शार्लव्हातल्या मालबे गावच्या एकवीस जणांनी भागीदारी केली आणि जून १८३८ मध्ये लाकूडतोडीच्या नावाखाली सागनेतल्या ग्रांद-बेला उतरले. लाकूड तोडता तोडता शेतं झाली. त्यांचा एक म्होरक्या अलेक्सी त्रांब्ले, 'पिकोते' म्हणून ओळखला जाणारा. पिकोते म्हणजे तोंडावर देवीचे वण असलेला.

ही टोपणनावं इथे गरजेची होती. सगळेच त्रांब्ले म्हटल्यावर कुठला, हे कळणार कसं? शाखेला नाव पडे, कुणाच्या व्यंगावरून, कुणाच्या आजोबाच्या पहिल्या नावावरून. आपल्याकडे एका आडनावाच्या घरांना माडीवाले, विहिरीवाले म्हणतात ना, तसंच. कागदोपत्री सुद्धा 'दित' लिहून टोपणनाव जोडत, आपल्या 'उर्फ'सारखं.

---

पूर्वकिनारा

मॅसॅच्युसेट्सहून. आमच्या गावात ट्रॉम्बली आडनावाची बरीच घरं आहेत, मी इतकी वर्षं इटालियन समजत होतो! काल शेजाऱ्याला विचारलं. त्याचे पणजोबा क्वेबेकहून इथल्या कापडगिरणीत आले. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख लोक क्वेबेककडून अमेरिकेत आले, बहुतेक न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्रांब्लेचं ट्रॉम्बली, ट्रेम्बली. काहींनी भाषांतरच केलं : रुआचे किंग झाले, लब्लांचे व्हाइट, बुआव्हेरचे ग्रीनवुड. त्यामुळे खरे त्रांब्ले किती, हे फोनच्या वहीवरून कळणारच नाही. शेजाऱ्याला पिएर आणि ओझान दोघांची नावं लिहून दिली. त्याने कागद फ्रिजवर लावलाय.

---

सह्यवारा

आता तिथे कायदा काय? बायका अजूनही स्वतःचंच आडनाव लावतात का?

---

कोवळं_ऊन

हो. १९८१ पासून क्वेबेकमध्ये लग्नानंतरही बाईचं कायद्याने जन्मनावच राहतं. जुन्या वह्यांत होतं तेच. माझं इथलं ओळखपत्रही माहेरच्या नावाने झालं असतं, पण माझे कागद आधीच बदललेले होते. मुलांना आईचं, बापाचं किंवा दोन्ही आडनावं देता येतात. एक काळ जोडआडनावांची लाट होती, आता ती ओसरली आहे. फ्रान्समध्ये आईचं आडनाव देण्याची मुभा २००५ पासून मिळाली.

शाळेत 'माझं नाव कुठून आलं' असा तक्ता करायचा होता, तो काल लागला. पाचही त्रांब्ले मुलांनी वरच्या टोकाला एकच नाव लिहिलं होतं, पिएर, १६४७. माझी लेक तिच्या मैत्रिणीच्या तक्त्यावर पेन्सिलीने ओझान लिहून आली. बाईंनी ते खोडलं नाही, उलट बाकीच्या चौघांनाही लिहायला लावलं.

लेकीच्या स्वतःच्या तक्त्यावर पणजीच्या जागी एक रिकामी चौकट आहे. दिवाळीत नाशिकला जाणार आहोत. नोंदवही, उपाध्यांना आधी कळवावं लागतं की थेट गेलं तरी चालतं?

---

नोंदवही

थेट जा, पण मूळ गावाचं नाव नक्की ठाऊक करून घ्या. चोपड्या गावावार असतात, आडनावावार नाही.